हूला न घाबरणारा भारद्वाज

"आधी जळवांसाठी साबण, मग भाताच्या पुड्या, मग बाकीचं!" पबसरानं अंगणातूनच फर्मान सोडलं. "आणि ससिरु, नववर्षाचे उरलेले गोड तळलेले कवुम चढ संपल्यावर खायचेत! आत्ता नाही!"

"मी खात नाहीये, मोजतोय," ससिरु म्हणाला. त्याचे दोन्ही गाल टम्म फुगले होते.

"तोंडात घालून मोजतोस?"

"हाताला तेल लागतं ना, अक्का!"

एरवी दिनिती पोट धरून हसली असती. ससिरु तिचा धाकटा भाऊ, पबसरा वर्गातली मैत्रीण, आणि दोघांची अशी जुगलबंदी चालू असली की दोरणगल गावात दुसऱ्या करमणुकीची गरज पडत नसे. पण आज ती खाली वाकून बुटांशी झटत होती. अम्मानं कुवेतहून पाठवलेले बूट. पांढरे, देखणे, आणि चांगले दोन बोटं आखूड. परक्याची मुलं सांभाळता सांभाळता अम्मा आपली मुलगी केवढी झाली असेल याचा अंदाज बांधत असे आणि दर वेळी तो अंदाज मागेच राहत असे.

"कुठे निघाली वरात?" पायरीवर बसलेल्या तात्तांनी, तिच्या वडिलांनी, विचारलं.

"गोल वाटेवर, तात्ता. पूर्ण."

"पूर्ण? अगं, दिवस जाईल. दुपारनंतर पाऊस धरतो." तात्तांनी आभाळाकडे पाहिलं. "माझ्यासाठी जात असाल तर नको हं."

"तुमच्यासाठी नाही," दिनिती नाडी ओढत म्हणाली. "अम्मासाठी."

तात्तांचं नाव सोमतिलक. रानातल्या गोल वाटेवर पाहुण्यांना फिरवणारा त्यांच्याइतका जाणता वाटाड्या पंचक्रोशीत नव्हता, आणि हाच गुण त्यांच्यावर उलटला! ते तोंडानं कुठल्याही पक्ष्याचा आवाज काढत. गेले काही दिवस रानात कोणीतरी हिरव्या चोचीच्या भारद्वाजाचा आवाज काढून त्याला बाहेर बोलावतं, अशी तक्रार वनकचेरीत आली होती. रानात असे आवाज काढून पक्ष्यांना बोलवायला सक्त मनाई. कचेरीनं हिशोब सोपा केला: आवाज कोणाला येतो? सोमतिलकला. झालं! त्यांचा वाटाड्याचा बिल्ला काढून घेतला. उद्या वरच्या कचेरीला पत्र जाणार होतं, आणि पत्र गेलं की बिल्ला कायमचा गेला.

बिल्ला गेला की घर अम्माच्या पगारावर आलं. कुवेतच्या मालकिणीनं आणखी दोन वर्षांचा कागद पुढे केलाच होता. "तात्तांचं काम नीट चालू असेल तर मी सही करत नाही. वैशाखी पौर्णिमेच्या आधी घरी येते," असं अम्मा म्हणाली होती. बिल्ल्याचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. पण उद्या सांगावंच लागणार होतं. म्हणून तो आवाज काढणारा आजच शोधायचा होता.

*

वाटेत लायनलमामांची पाहुणेखोली लागली. दारावर ठळक पाटी: 'भारद्वाज दिसणारच!' लायनलमामा म्हणजे गावातला सगळ्यात गोड माणूस. गोड बोलणं, गोड हसणं, आणि खिशात कायम किथुल ताडाच्या गुळाचा खडा. त्यांच्याकडून गूळ खाल्ला नाही असं पोर गावात नव्हतं. तो गूळ त्यांना कधी महागात पडला नाही, कारण त्याच्या बदल्यात पोरं त्यांची सगळी फुकटची कामं करत.

"या, या! चक्कर मारायला?" त्यांनी तिघांच्या हातावर गूळ ठेवला. व्हरांड्यात कोलंबोच्या एक पाहुण्या बाई काळा चहा पीत होत्या. त्यांच्या मांडीवर तान्ह्या बाळाएवढा कॅमेरा होता. "आज बाईंना भारद्वाज दाखवायचाय. दिनिती पुता, बाळा, तात्तांना सांग, काळजी करू नका म्हणावं. सगळं निवळेल आपोआप."

"कसं निवळेल, मामा?"

"निवळतंच गं!" मामा हसले आणि लुंगीसारखा गुंडाळलेला सारोंग झटकत आत गेले.

फाटकापाशी वनाधिकारी अबेरत्न महत्तया, म्हणजे अबेरत्नसाहेब, उभे होते. नियम म्हणजे त्यांचं दैवत. मात्र दिनितीकडे बघताना त्यांची नजर तिच्या बुटांच्या वर काही गेली नाही.

"वाट सोडायची नाही. एकाच दिशेनं चालायचं, उलटं फिरायचं नाही. आज तुमच्या आधी या फाटकातून कोणीही गेलेलं नाही, तेव्हा रानात जो काही कचरा पडेल, तो तुमचा!"

"आणि आवाज आला तर?" पबसरानं विचारलं.

महत्तयांनी घसा खाकरला. "निघा आता."

फाटकाच्या आत आडव्या फांदीवर तिघांनी एकेक हिरवी डहाळी मोडून अडकवली. परवानगी मागितल्याशिवाय रानदेवाच्या घरात दोरणगलचं माणूस शिरत नाही. मग साबणाचा तुकडा घोट्यांवर घासला आणि चालू पडले.

ओढा झाला, दोर धरून चढायचा खडक झाला, आणि मग तो चढ सुरू झाला, जो संपला असं वाटलं की वळण घेऊन पुन्हा समोर उभा राहत होता. होराची झाडं एवढी उंच की त्यांच्या शेंड्यांवर काय हवा आहे ते खाली कळत नव्हतं. पानांवरून कालचा पाऊस आज ठिबकत होता. दिनिती लंगडायला लागली.

"काढ ते बूट!" पबसरा म्हणाली. "टाचेला फोड आलाय. अनवाणी चाल."

"जळवा लागतील."

"बूट घालूनही लागतातच की! त्यांना कुठे अम्माचे बूट कळतात?"

दिनितीनं तरी बूट काढले नाहीत. पबसरानं मग मुकाट्यानं तिच्या पाठीवरची पिशवी ओढून आपल्या खांद्यावर घेतली. ही पबसराची माफी मागायची पद्धत.

चढ संपला. कवुमचा डबा उघडला, तर आत तेलाचे डाग तेवढे होते.

"मोजून झाले वाटतं!" पबसरा गरजली.

"बरोबर भरले," ससिरु म्हणाला आणि जीव घेऊन पुढे पळाला. पण वळणावर तो एकदम थांबला. "अक्का, इकडे ये! देवाला इथे पण डहाळी वाहतात?"

वाटेच्या उजवीकडे, वेतांच्या जाळीआड एका वाकड्या फांदीवर डहाळी लटकत होती. टवटवीत! मोडलेल्या देठातून अजून चीक येत होता. तिच्या मागे नीट पाहिलं, तर जाळीतून खाली गावाकडे उतरणारी एक अरुंद आडवाट.

"फाटकातून कोणी गेलेलं नाही," दिनिती हळूच म्हणाली, "पण आज सकाळी इथून कोणीतरी शिरलंय."

"आणि ते आपल्यापैकीच कोणीतरी," पबसराचे डोळे बारीक झाले. "बाहेरचा माणूस डहाळी कशाला वाहील? महत्तयांना चुकवायला निघाला, पण देवाला चुकवायची छाती झाली नाही! आता सगळेच आपले म्हटल्यावर ओळखायचं कसं?"

तेवढ्यात खालच्या बाजूनं आवाज आला. खोल, भरदार, मडक्यात तोंड घालून काढल्यासारखा.

"हूप... हूप-पूप... हूप... हूप-पूप..."

"भारद्वाज!" ससिरु उडालाच.

तिघं ऐकत राहिले. आवाज येत राहिला. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. दिनितीच्या कपाळाला आठी पडली. तात्ता म्हणत, पक्षी बोलतो आणि मग ऐकतो, कारण बोलण्यापेक्षा त्याला उत्तराची जास्त गरज असते. हा मात्र ऐकायला थांबतच नव्हता.

"आई गंऽ! जळू! गुडघ्यावर!" ससिरु नाचायला लागला. पळता पळता तो भलत्याच वाटेला लागेल म्हणून पबसरानं सवयीनं तोंडापाशी हात धरले आणि हाळी दिली, "हूऽऽऽ!"

दोरणगलला रानात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. 'हू' घालायची. समोरच्यानं 'हू' द्यायची. अंतरसुद्धा हूमध्येच सांगतात: शाळा दोन हू, दुकान एक हू.

पबसराची हू म्हणजे गावातलं एक संकटच होतं. रान क्षणात चिडीचूप झालं. बुलबुल थांबले, बेडूक थांबले, कानात किर्र करणारे रातकिडेसुद्धा थांबले.

"हूप... हूप-पूप..."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सगळे घाबरले. हा नाही घाबरला," ससिरु कुजबुजला. जळू अजून गुडघ्यावरच होती. "ह्या पक्ष्याला कान नाहीत?"

"कान नाहीत," पबसरा म्हणाली, "बटण आहे!"

*

आता खरी पंचाईत. वाट सोडायची नाही, हा नियम. आणि आवाज तर वाटेखालच्या बांबूच्या बेटातून येत होता.

"मी जाते," दिनिती म्हणाली. "बोलणी मला बसू देत."

"बोलणी वाटून घेऊ," पबसरा म्हणाली. "ससिरुचा वाटा मोठा. कवुमचाही मोठा होता."

तिघं बसत, घसरत, मुळं धरत खाली उतरले. बारीक बांबूच्या दाटीत, छातीएवढ्या उंचीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला वाटीएवढा काळा स्पीकर होता. त्यातून भारद्वाज बोलत होता. आणि त्याच्या वर, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळ, खरा भारद्वाज बसला होता.

मोठा, काळाभोर, तपकिरी पंखांचा. फिकट हिरवी चोच. एरवी हा पक्षी कोणाला पिसभरही दिसत नाही. आज त्याला माणसांची शुद्धच नव्हती. मान वाकडी करून तो त्या पिशवीकडे बघत होता. खाली उतरे, पिशवीभोवती फिरे, पुन्हा वर चढे. बांबूच्या बुडाशी गवताचा एक गोल गोळा दिसत होता. त्याचं घरटं. घरट्यात कोणी नव्हतं.

"अंडी असतील त्यात," दिनिती हळूच म्हणाली. "आणि हा इथे... कोण बोलवतंय ते शोधतोय."

तिनं हात घालून बटण दाबलं.

एकदम इतकी शांतता झाली की पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. पक्षी दचकला. थोडा वेळ तो तसाच बसून राहिला. मग त्यानं मान फुगवून स्वतः एकदा साद घातली आणि ऐकलं. पुन्हा घातली. पुन्हा ऐकलं. कोणी उत्तर दिलं नाही. दिनितीला वाटलं, आपणच काहीतरी म्हणावं. पण म्हणणार काय? रोज संध्याकाळी फोनला रेंज येते का हे बघत माळावर हात उंच करून उभ्या राहणाऱ्या तिला हे वाट बघणं कोणी समजावून सांगायला नको होतं.

शेवटी पक्ष्यानं अंग झाडलं आणि तो हळूहळू खाली उतरत त्या गोळ्यात शिरला.

"चला!" ससिरुनं पिशवी ओढली. "ही महत्तयांना दाखवू! तात्ता सुटले!"

"ठेव ती!" पबसरानं त्याच्या हातावर चापटी मारली. "कोणाच्या हातात सापडली म्हणतील? सोमतिलकच्या पोरांच्या! उलट पुरावाच होईल. पेटी नको, पेटीचा धनी हवा."

"तो कसा येईल?"

"त्याचा पक्षी मुका झालाय. बघायला येणारच!"

वाटेच्या वरच्या अंगाला होराच्या मुळांचा आडोसा होता. तिथे दडून त्यांनी भाताच्या पुड्या सोडल्या. भात, डाळ, सुक्या मासळीचा तुकडा, लाल नारळाची चटणी. ससिरुनं चटणीसकट केळीचं पान चाटलं. मग पाऊस आला. आधी खूप वर, नुसता आवाज. आणि बऱ्याच वेळानं खाली, थेंब. धुकं उतरलं. समोरचं झाड दिसेनासं झालं.

आणि त्या धुक्यात, आडवाटेच्या बाजूनं, चिखलात पाय बुडल्याचा आवाज. चप्प. चप्प. एक छत्री पुढे आली. थांबली. कोणीतरी बांबूकडे बघत होतं. मग छत्रीला बहुतेक चिखलातल्या ताज्या पावलांच्या खुणा दिसल्या असाव्यात, कारण ती एकदम वळली आणि परत निघाली.

"पळतोय!" ससिरु म्हणाला. "चेहरा दिसला नाही!"

या निसरड्यात धावून पकडणं अशक्य. दिनिती उठली, पण सुजलेल्या पायानं तिला दगा दिला आणि ती मटकन खाली बसली. छत्री धुक्यात विरघळायला लागली. तिच्याबरोबर वैशाखी पौर्णिमाही.

पबसरानं तोंडापाशी हात नेले. पण दिनितीनं तिचा हात धरला. "मी घालते."

आणि तिनं हू घातली. पबसरासारखी कान फोडणारी नाही. रान चुकलेलं माणूस घालतं तशी, लांब, शेवटाला वर जाणारी. तिला ती मुद्दाम काढावी लागली नाही.

"हूऽऽऽऽऽ..."

छत्री थांबली.

दोरणगलच्या माणसाला काहीही करता येईल, पण अशी हू ऐकून गप्प बसता येणार नाही. ते हाडामासातच नाही. धुक्यातून उत्तर आलं, आणि ते अर्ध्यावर येऊन पिचक्या बासरीसारखं दोन तुकड्यांत फुटलं.

"हूऽऽऽ-ईऽऽ!"

अशी फुटकी हू अख्ख्या गावात एकाच माणसाची होती.

"लायनलमामा!" तिघं एकदम ओरडले.

*

उत्तर दिलं की यावंही लागतं. मामा आले. छत्री, चिखलानं भरलेला सारोंग, आणि चेहऱ्यावरचं गोड हसू पावसात धुऊन निघालेलं.

"कोणाला लागलंय? कोण हरवलंय?"

"आमचा पक्षी हरवलाय, मामा," पबसरा म्हणाली. "वाटीएवढा. पिशवीत राहायचा."

मामांनी गुळासाठी खिसा चाचपला. सवय! "अगं पोरींनो... थोडा वेळ वाजवलं तर काय बिघडतं? लांबून लोक येतात, पैसे खर्चून येतात, पक्षी दिसला नाही की तोंड पाडून जातात. मला नाही बघवत."

"आणि तात्तांचं तोंड बघवतं?" दिनितीनं विचारलं.

"म्हटलं ना, निवळेल..."

"कधी? उद्या पत्र जाणार. मग तात्तांचं काम जाणार. मग अम्मा तिकडे आणखी दोन वर्षांवर सही करणार!" तिनं पाय पुढे केला. "आत्ताच ती मला लहान मुलीचे बूट पाठवते, मामा. दोन वर्षांनी ती मला ओळखेल तरी का?"

लायनलमामा तिच्या पायांकडे बघत राहिले. कोणाचं किती नुकसान होतं याचा ते कधी विचारच करत नसत. त्यांचा हिशोब सगळ्यांना खूश करण्यापुरताच असे. आज पहिल्यांदा त्यात उणे बाजू दिसली असावी.

"बरं," ते पुटपुटले. तोवर ससिरु बांबूतली पिशवी सोडवून घेऊन आला होता. "पेटी द्या इकडे. मी बघतो. आडवाटेनं घरी जातो आणि मग सवडीनं महत्तयांशी..."

"सवडीनं!" पबसरा म्हणाली. आज भारद्वाज बघायला निघालेल्या बाई जवळच असणार हे ताडून तिनं मान वर करून हाक दिली, "पाहुण्या बाऽई! वरच आहात ना? लायनलमामा तुम्हाला आज पूर्ण गोल वाट दाखवणार आहेत!"

"खरंच?" वरच्या वळणावरून बाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ कॅमेरा पोटाशी धरून बाईच घसरत आल्या. "मला तर तिथे उभं करून गेले, म्हणे पक्षी झोपलाय, उठवून येतो! ही कसली पिशवी?"

ससिरुनं बटण दाबलं. "हूप... हूप-पूप..." मग लगेच बंद केलं.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे काल अख्खी सकाळ मी एका डबीचा फोटो काढायला धडपडत होते?"

"डबीचा नाही, बाई," लायनलमामा कळवळून म्हणाले. "डबीजवळच्या पक्ष्याचा."

"पुढे व्हा," बाई म्हणाल्या. त्या आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या, हे तेव्हा कोणाला सांगावं लागलं नाही. "डबी तुमच्या हातात. आम्ही मागे."

मग उरलेली वाट त्या वरातीनं पार केली. धबधब्याच्या फरशा, जुना लाकूडतोडीचा रस्ता, गुडघाभर चिखल. मामांनी मधे दोनदा 'इथून जवळ पडेल' म्हणून पाहिलं. "उलटं फिरायचं नाही, नियम आहे!" ससिरु खणखणीत सांगे. वाट गोल होती. पुढे चालत राहिलं की ती आपोआप महत्तयांच्या दारात नेऊन सोडत होती. शेवटच्या उतारावर मामांनी मागे वळून पाहिलं, छत्री दिनितीच्या हातात दिली आणि तिला पाठंगुळीला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

*

अबेरत्न महत्तयांनी सगळं ऐकलं, पेटी उलटसुलट केली, आडवाट कुठे ते विचारलं. मग ती टेबलावर ठेवली.

"तुम्ही वाट सोडलीत," ते मुलांना म्हणाले.

"हो, महत्तया."

"ते चुकलंच. आणि मी..." त्यांनी घसा खाकरला. नियमात बसणारा शब्द त्यांना सापडत नव्हता. "मी कान असून ऐकलं नाही. ते तुम्ही ऐकलंत. शाबास! लायनल, तुझ्यावर कारवाई होईल."

"होऊ दे, महत्तया," लायनलमामा म्हणाले. "पाटी मी आजच उतरवतो."

"आणि बिल्ला मी स्वतः नेऊन देतो," महत्तया म्हणाले आणि खरंच भर पावसात टोपी न घालता निघाले. अंगणात त्यांनी तात्तांना नमस्कार केला. तात्तांनी बिल्ला घेतला, उघड्या तळव्यावर ठेवला आणि आधी विचारलं, "घरट्यावर बसलाय का तो परत?"

"बसलाय, तात्ता," दिनिती म्हणाली. "पण अंडी गार झाली असतील का?"

"कोणास ठाऊक. पण बसलाय ना? मग आपणही वाट बघू."

संध्याकाळी माळावर फोन लागला. दिनितीनं सगळं सांगितलं. ससिरुनं मधेमधे सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे अम्मा कधी हसत होती, कधी नाक ओढत होती. मग ती म्हणाली, "पुता, त्या भारद्वाजाचा आवाज मला फोनवर भरून पाठवशील? इथे खिडकी उघडली की नुसत्या गाड्या. रोज झोपताना ऐकेन."

दिनिती आजवर अम्मानं मागितलेल्या कशालाही नाही म्हणाली नव्हती. तिनं रानाकडे पाहिलं. धुक्यात सगळं एकसारखं राखाडी झालं होतं.

"नाही पाठवणार, अम्मा."

"का गं?"

"तो इथे येऊन ऐकायचा."

फोनवर काहीच ऐकू आलं नाही. रेंज गेली असं वाटून ससिरुनं फोन हलवून पाहिला. मग अम्माचा आवाज आला, अगदी रोजचा, घरातून घरात बोलल्यासारखा.

"माझ्या उशीला ऊन दाखव गं. ओल धरली असेल."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशीही होता. दिनिती रोज सकाळी उशी पोटाशी धरून दारात उभी राही, आणि डोंगरावर जरा कुठे उजळलं की एक पाय पायरीवर ठेवे.